खोली क्रमांक चार

दुपारी दोन ते साडेतीन, ही आमची वेळ.
आमच्या आधी इथिओपियाची मंडळी असते,
त्यांच्या धूपाचा वास पडद्यांना धरून बसलेला.
आमच्यानंतर तेलुगू.
मधल्या दीड तासात
सोहारच्या या कंपाउंडात मराठी बोलली जाते,
देवाशी आणि एकमेकांशी.

आम्ही सात जण.
सुवार्ताबाई अमोलिक, एका घरात स्वयंपाकाला.
हनोख मकासरे, बंदरावर क्रेन चालवतो,
त्याची बायको रूथ, तिला आठवा महिना.
वसईचा इनास, खरा तर कॅथलिक,
"आमची मिस्सा इंग्रजीत असते हो," म्हणत येतो
आणि आमच्या भजनांत बिनधास्त सूर चुकवतो.
मी शांतवन त्रिभुवन, एसी मेकॅनिक,
पाच महिने बिनपगारी.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात
आणि कंपनीला कुलूप.

गुरुवारी रात्री आई गेली.
मिशनच्या बोर्डिंगात तिने तीस वर्षं
दोनशे पोरांच्या भाकरी थापल्या.
तळहातावर रेषा म्हणून उरल्या नव्हत्या,
हात बघणारा आला असता तर
तसाच परत गेला असता.

कॅम्पातून मी निघणारच नव्हतो.
हनोखने फोन केला नाही, गाडीच घेऊन आला.
खाली हॉर्न वाजवत राहिला
वॉचमन ओरडेपर्यंत.

प्रार्थनेची पाळी माझी होती.
उभा राहिलो. तोंड उघडलं.
'हे प्रभू' एवढंच आलं, आणि पुढे
काही नव्हतं.
पोहरा सोडावा आणि खाली
कोरडा खडक वाजावा, तसं.
सुवार्ताबाई म्हणाल्या, "बस, लेकरा.
आज तू विश्वास नाही ठेवलास तरी चालेल.
तुझ्या वाटणीचा आज आम्ही ठेवतो."

मग गावाकडचा फोन लागला.
पाळकांचा आवाज बारीक येत होता,
म्हणून इनासने एसी बंद केला.
बाहेर सेहेचाळीस डिग्री.
पेटी दिसली, भाऊ दिसला,
दोर सोडणारे हात दिसले
आणि ऐन मूठमातीच्या वेळेला
पडद्यावर ते गोल चक्र.
फिरत राहिलं.

खिडकीत दूध-पावडरच्या डब्यात
सुवार्ताबाईंनी लावलेला ओवा आहे.
तो डबा त्यांनी माझ्यासमोर धरला.
"नर्सरीतली माती आहे, इथलीच. तरी घे."
मूठ घेतली. टाकायची कुठे?
ज्या डब्यातून घेतली
त्याच डब्यात टाकली.
मग सगळ्यांनी तेच केलं, चिमूट चिमूट,
रूथने एक हात पोटावर ठेवून.

साडेतीन कधीच वाजून गेले होते.
तेलुगू पास्टरांनी दार किलकिलं केलं,
घड्याळाकडे बोट नेता नेता थांबले.
दार लागलं.
थोड्या वेळाने पुन्हा उघडलं
आणि त्यांची सगळी मंडळी
चपला बाहेर काढून आत आली,
चाळीसएक माणसं, भिंतींना लागून उभी.
आमचं काही कळत नव्हतं त्यांना.
आमेन कळत होतं.
शर्ट पाठींना चिकटले, एक मूल रडलं,
कोणीही म्हणालं नाही, एसी लावा.

पगार अजून मिळालेला नाही.
लेबर कोर्टाची तारीख पुढे गेली.
रात्री कॅम्पातल्या वरच्या बाकावर
मी अजून त्या दोन शब्दांपाशीच अडकतो,
आणि खाली खडक वाजतो.
देव होता का त्या दुपारी, असं कोणी विचारलं
तर माझ्याकडे उत्तर नाही.
एवढंच सांगेन,
खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

चावी आता माझ्याकडे असते.
इथिओपियाची मंडळी निघता निघता मी पोचतो,
ओव्याला पाणी घालतो,
खुर्च्या मांडायला घेतो.
सात मांडून थांबत नाही हल्ली.
आहेत तेवढ्या मांडतो.